सुरीची लाकडी मूठ
सुरीचे पाते हातात घट्ट व सुरक्षितपणे धरता यावे म्हणून त्याच्या मागील भागावर बसविलेल्या लाकडी अवयवास सुरीची मूठ म्हणतात. कारखान्यात तयार होणाऱ्या सुऱ्यांत लाकडाची जागा बव्हंशी प्लॅस्टिकने घेतली असली, तरी मूठ स्वतः घडवून ती जुन्या पात्यावर बसविणे हा थोडी हत्यारे व लहान जागा यांत करता येण्यासारखा छंद आहे. वरवर पाहता हे काम लाकूड कोरण्याचे वाटते. वस्तुतः ते दोन भिन्न स्वभावांच्या पदार्थांचा सांधा जुळविण्याचे आहे. पोलाद पावसाळ्यात फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही. लाकूड मात्र तोडल्यानंतरही कायम फुगत व आटत राहते. नवशिक्याने केलेल्या मुठी सैल होतात त्या बहुधा या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. सैल मुठीच्या फटीत पाणी व अन्नकण साठून आतले पोलाद गंजते, आणि एखाद्या दिवशी जोर दिला असता पाते हातात फिरून जखम होते.

मूठ बसविण्याची कला धातूच्या वापराहून जुनी आहे. ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवरील ओट्झटाल आल्प्समधील बर्फात १९९१ मध्ये सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवाचे शव सापडले. त्याच्याजवळ गारगोटीच्या जातीच्या दगडाचे पाते असलेला सुरा होता. त्याची मूठ अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची असून पाते प्राण्याच्या स्नायुरज्जूने बांधलेले होते. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात भाजी चिरण्याचे पारंपरिक साधन विळी हे होय. विळीत पाते पाटावर स्थिर राहते व भाजी हलविली जाते. साहजिकच तिला मूठ लागत नाही. मुठीचे काम होते ते शेतीच्या व कामाठीच्या हत्यारांत. विळा, खुरपे, कोयता यांची पाती गावचा लोहार घडवी आणि लाकडी मुठी सुतार करून देई. नवशिक्याने शक्य झाल्यास असे एखादे वापरून गुळगुळीत झालेले जुने खुरपे हातात घेऊन पाहावे. मुठीचा आकार कसा असावा याचे इतके चांगले शिक्षण पुस्तकातून मिळत नाही.

पात्याचा जो भाग मुठीत जातो, त्यास येथे शेपटी असे म्हटले आहे. तिचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. निमुळती शेपटी लाकडाच्या अखंड ठोकळ्यातील छिद्रात बसवितात. विळ्याची शेपटी तापवून लाल करून लाकडात ठोकण्याची पद्धत जुनी आहे. तीत छिद्र शेपटीच्याच आकाराचे जळते व सांधा लगेच घट्ट बसतो. परंतु भोवतीचा कोळसा कालांतराने चुरा होऊन मूठ हलू लागते. भारतीय तलवारींच्या पोकळ धातूच्या मुठी लाखेच्या मिश्रणाने पक्क्या करीत. दुसऱ्या प्रकारात शेपटी मुठीइतकीच लांब व रुंद असते आणि तिच्या दोन्ही बाजूंस लाकडाच्या दोन फळ्या रिव्हेटांनी जखडतात. स्वयंपाकाच्या बहुतेक जुन्या सुऱ्या या प्रकारच्या असल्याने आणि त्यांत शेपटीला छिद्रे अगोदरच असल्याने नवशिक्याने आरंभ यापासून करावा. यापुढील विवेचन मुख्यत्वे या प्रकाराला धरून आहे.

लाकूड भोवतालच्या हवेतील बाष्प शोषते व परत सोडते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असलेल्या हवेत दीर्घकाळ ठेवलेल्या लाकडात त्याच्या शुष्क वजनाच्या सु. ६ टक्के पाणी असते. आर्द्रता ८० टक्के झाल्यास हे प्रमाण सु. १६ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे दख्खनच्या पठारावरील मे महिना व ऑगस्ट महिना यांतील फरक जवळजवळ एवढा असू शकतो. या बदलाचा परिणाम सर्व दिशांना सारखा होत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही. वाढवलयांच्या त्रिज्येच्या दिशेने ते बेताचे हलते आणि वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सर्वाधिक. ओले लाकूड पूर्ण सुकविले असता शिसवाचे आकुंचन त्रिज्येच्या दिशेने सु. २·७ टक्के, तर स्पर्शरेषेच्या दिशेने सु. ५·८ टक्के भरते. सागाचे आकडेही याच्या जवळपास आहेत. २५ मिमी. रुंदीच्या मुठीला हे प्रमाण लावले, तर पाण्याच्या प्रमाणातील १० टक्के बदलाने रुंदीत पहिल्या मांडणीत सु. पाव मिलिमीटर व दुसऱ्या मांडणीत सु. अर्धा मिलिमीटर फरक पडू शकतो. तेल अगर रोगण लावल्याने हा बदल मंदावतो, पण थांबत नाही. अर्धा मिलिमीटर ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु बोटाच्या टोकाला त्याहून कितीतरी लहान पायरी जाणवते. भर पावसाळ्यात अगदी समपातळीत घासलेल्या मुठीतून फेब्रुवारीत पोलादाची कड बाहेर डोकावते व तळहाताला टोचू लागते, ती यामुळेच.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. लाकूड कमीत कमी काही महिने घरातच, ज्या हवेत सुरी वापरायची त्या हवेत, सुकू द्यावे. तंतू मुठीच्या लांबीला समांतर असावेत. आणि फळीच्या टोकाकडून पाहिले असता वाढवलयांच्या रेषा शेपटीच्या पृष्ठाशी काटकोनात उभ्या दिसाव्यात, म्हणजे रुंदीतील हालचाल निम्म्यावर येते. शेवटची गोष्ट दुकानदार सांगत नाही. ती स्वतः पाहून घ्यावी लागते.

मुठीसाठी कठीण, घट्ट पोताचे व सहज न तडकणारे लाकूड लागते. महाराष्ट्रातील लाकडांपैकी बाभूळ, धावडा व तिवस ही हत्यारांच्या दांड्यांसाठी पूर्वापार वापरात आहेत. बाभूळ स्वस्त, चिवट व सहज मिळणारी असल्याने नवशिक्यास तिच्याहून चांगले लाकूड सुचविणे कठीण. शिसव देखणे असून त्यावर झिलई उत्तम चढते. आंबा मऊ असल्याने लवकर झिजतो. सागाला पाणी मानवते, पण त्याच्या पातळ कडा टवके उडून तुटतात. युरोपात साध्या सुऱ्यांसाठी बीच, फिनलंडमधील पुक्को या सुरीसाठी गुंतागुंतीच्या रेषांचा बर्च, तर जपानी सुऱ्यांसाठी हलके मॅग्नोलिया अशी निवड रूढ आहे. शिसवाच्या संपूर्ण प्रजातीचा समावेश २०१७ पासून संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झालेला आहे. छंदासाठी जुन्या फर्निचरचा एखादा मोडका पाय पुरेसा असतो, आणि तो चांगला मुरलेलाही असतो.

लागणारी हत्यारे म्हणजे बारीक दात्यांची करवत, एक खरबरीत व एक बारीक कानस, छिद्रे पाडण्याचे ड्रिल, शेगडा, दोन शिकंजे आणि निरनिराळ्या प्रतींचे काचकागद. सर्वांत आधी पात्याची धार जाड कापडात गुंडाळून चिकटपट्टीने बांधतात. हे काम संपेपर्यंत सोडू नये. जुन्या रिव्हेटांची डोकी कानशीने घासून ते ठोकून काढतात. शेपटीवरील गंज काढून तिचे पृष्ठ मुद्दाम खरबरीत ठेवतात. ८ ते १० मिमी. जाडीच्या दोन फळ्यांची आतली बाजू पूर्ण सपाट करतात; उजेडासमोर धरल्यावर शेपटी व फळी यांमध्ये कोठेही प्रकाश दिसता कामा नये. नंतर एक फळी शेपटीला शिकंज्याने आवळून शेपटीच्या छिद्रांतूनच तीत छिद्रे पाडतात, मग दुसरीत. खाली निकामी लाकडाचा तुकडा ठेवल्यास छिद्राच्या तोंडाशी लाकूड फाटत नाही. फळ्यांची पात्याकडील टोके मात्र चिकटविण्यापूर्वीच गोल करून शेवटच्या झिलईपर्यंत न्यावी लागतात. एकदा फळ्या बसल्या, की तेथे पात्यावर ओरखडे न उमटता कानस फिरविता येत नाही. ही चूक पहिल्या सुरीत जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

चिकटविण्यास दोन घटकांचे एपॉक्सी आसंजक वापरतात. साग व शिसव ही तेलकट लाकडे असल्याने आसंजक लावण्याच्या अगदी आधी त्यांचे पृष्ठ अ‍ॅसिटोनने पुसतात. शिकंजा फार आवळू नये. सर्व आसंजक बाहेर पिळले जाऊन सांधा कोरडा पडतो. पितळी सळईचे तुकडे छिद्रांतून घालून, मंद गतीने घट्ट होणारे आसंजक असल्यास, एक पूर्ण दिवस तसेच ठेवतात. पात्यावर ओघळलेले आसंजक ओले असतानाच पुसावे.

आकार देताना मूठ गोल करू नये. गोल मूठ हातात फिरते व धार कोणीकडे आहे हे न पाहता कळत नाही. लंबवर्तुळाकार छेद असल्यास ते आपोआप कळते. लांबी १० ते १२ सेंमी. व जाडी सु. २ सेंमी. बहुतेकांस पुरते, तथापि खरे माप ज्याची सुरी त्याच्या तळहाताचे. यंत्राने घाईने घासल्यास पितळी सळया तापून भोवतीचे आसंजक मऊ पडते. पाते स्वतः तापले तर हानी त्याहून मोठी असते : साध्या कार्बनी पोलादावर पिवळसर आणि पुढे निळा रंग चढल्यास त्याचे पाणी उतरले असे समजावे. हाताला चटका बसण्याच्या आधीच थांबणे इष्ट.

झिलईसाठी उकळलेले जवसाचे तेल पातळ थरांत, प्रत्येक थर सुकू देऊन लावतात. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, चिकट राहते व खवट होते. लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण गरम पाण्याने पांढरे पडते. स्वयंपाकाच्या सुरीस ते उपयोगी नाही. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो सुकताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

लाकडाच्या धुळीकडे छंद करणारे सहसा लक्ष देत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये ही धूळ मानवात कर्करोगकारक असल्याचे नमूद केले. शिसवाच्या धुळीने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, आणि बिब्ब्याच्या रसाने फोड येतात हे सर्वश्रुत आहे. अनोळखी लाकूड म्हणूनच घेऊ नये. घासताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधून काम उघड्या जागी करतात.

तयार सुरी पाण्यात भिजत ठेवू नये. धुऊन लगेच पुसावी. पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात सळयांची टोके किंवा पोलादाची कड वर आलेली आढळल्यास बारीक काचकागदाने समपातळीत घासून पुन्हा तेलाचा हात देतात. फळी व शेपटी यांमध्ये नख शिरेल एवढी फट पडली असेल, तर वरून आसंजक भरून उपयोग होत नाही. सळया ड्रिलने काढून, दोन्ही पृष्ठे स्वच्छ करून फळ्या नव्याने बसवाव्या लागतात.