दुखवट्यात खेळणारं पोर

गुंजवणी नदीच्या काठी दहाव्याचे पिंड मांडलेत, थोरली माणसं कावळा शिवायची वाट बघतायत आणि ज्याचा बाप गेला तो आठ वर्षांचा पोरगा पाण्यात दगड भिरकावतोय. इथे मार्गासनी गावाच्या आसपास कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘त्याला कुठं काय कळतंय अजून!’’

त्याला कळतं. मेलेलं माणूस परत येत नाही आणि मरण कुणालाच चुकत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजतं. मात्र सलग दुःख करत बसणं त्यांना झेपत नाही. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये मांडलं की शोकात मन कधी दुःखाकडे, कधी रोजच्या व्यवहाराकडे असे हेलकावे खातं. त्यांचा विचार मुख्यतः जोडीदार गमावलेल्यांविषयी होता. पण मुलांमध्येही ते दिसतात, फक्त फार भरभर. काही कळत नाही असं धरून ‘आई गावाला गेलीय’ अशी थाप मारली, तर मूल वाट बघत राहतं आणि पुढे आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

चौदा-पंधराच्या मुलाचं वेगळंच. ‘आता घरचा कर्ता तूच’ हे वाक्य दहाव्यालाच त्याच्या खांद्यावर टाकलं जातं. मग तो रडत नाही. चिडतो, डोकं दुखतं म्हणतो, शाळा बुडवतो.

अशा मुलांना रोजच्या ठरलेल्या दिनक्रमाचाही आधार होतो. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993चा. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. पुढे वाघोलीत संघटनेचं शैक्षणिक संकुल उभं राहिलं. गाव आणि आजी मागे सुटल्याची किंमत मुलांनी मोजलीच असणार. पण शाळेची घंटा रोज वाजत होती आणि शेजारच्या खाटेवर आपल्यासारखंच कुणीतरी होतं. मला हे समुपदेशनाइतकंच मोलाचं वाटतं.

अमेरिकेत विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन या संशोधकांनी आई किंवा बाप गमावलेल्या मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला. बहुतेक सावरली, काहींचा त्रास मात्र दुसऱ्या वर्षी वर आला. मागे राहिलेला पालक कितपत उभा आहे, यावर बरंच अवलंबून होतं. म्हणजे मुलाला सांभाळायचं तर आधी त्याच्या आईच्या भातलावणीला दोन माणसं धाडावीत. वर्षश्राद्ध उरकलं तरी शाळेतल्या बाईंनी हजेरीपट बघत राहावा. मूल खात-झोपत नसेल, मरणाच्या गोष्टी करत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक लावावा. तिथे मराठीतही बोलता येतं.