पबमधील प्रश्नमंच आणि दानाचा जमाखर्च

'पब क्विझ' हा शब्द कानी पडताच जैन घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटावी, हे स्वाभाविक आहे. पब म्हणजे मद्यपानाचे ठिकाण, आणि मद्य हे सप्तव्यसनांपैकी एक. तरीही या इंग्लिश प्रथेकडे व्यापारी कुटुंबांनी एकदा बारकाईने पाहावे, असे तिच्यात काही आहे. लोकांनी एकत्र बसावे, डोके चालवावे, हसावे आणि त्या निमित्ताने एखाद्या रुग्णसेवा केंद्रास, शाळेस अथवा प्राण्यांच्या निवाऱ्यास निधी मिळावा, अशी ही रीत आहे. तिच्यातून मद्य वगळता येते. मात्र ते वगळताना तिचा जमाखर्च नेमका कोठे बदलतो, हे ध्यानात घेतले नाही, तर दान बाजूला राहते आणि केवळ समारंभ उरतो.

प्रथेचा उगम

'पब' हे 'पब्लिक हाउस' या शब्दांचे संक्षिप्त रूप. आपल्या गावात जे स्थान पाराचे, तेच इंग्लंडच्या खेड्यात पबचे. दिवसभराची कामे आटोपली की माणसे तेथे जमत, आणि माणसे जमली की वाद रंगत. अशाच वादांतून एक जगप्रसिद्ध ग्रंथ जन्मास आला. १९५१ मध्ये आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्यात शिकारीस गेलेल्या मंडळींत, युरोपातील सर्वांत वेगवान शिकारपक्षी कोणता, यावर वाद झाला. त्यांच्यात गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर होते. असे वाद पबोपबी होत असतील आणि ते मिटविणारे पुस्तक उपलब्ध नाही, हे त्यांनी ओळखले. त्यातून १९५५ मध्ये गिनेस विक्रमग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. शिकार आणि मद्य या दोन्ही गोष्टी जैन आचारास वर्ज्य. पण वादाचा निकाल पुराव्याने लावावा, ही वृत्ती मात्र कोणासही पटण्यासारखी आहे.

पबमधील प्रश्नस्पर्धेस संघटित रूप आले ते १९७० च्या दशकात. शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी १९७६ मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये तीन साखळ्यांत ३२ संघांना घेऊन स्पर्धा सुरू केल्या. त्यामागील कारण व्यापाऱ्यास चटकन उमगेल. शुक्रवारी व शनिवारी पब गजबजलेले असत. आठवड्याच्या आरंभीचे दिवस मात्र मंदीचे जात. त्या दिवशी प्रश्नस्पर्धा ठेवली की गिऱ्हाईक येई आणि तास-दोन तास बसे. पुढे याच कल्पनेला धर्मादाय कार्याची जोड मिळाली. शाळांचे पालकसंघ, चर्चची सभागृहे आणि गावोगावची समाजमंदिरे यांतही 'क्विझ नाइट' होऊ लागली. म्हणजे खुद्द इंग्लंडमध्येच ही स्पर्धा पबच्या उंबरठ्याबाहेर केव्हाच पडली आहे.

भारतासही प्रश्नस्पर्धा नवी नाही. १९६७ मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी घेतलेली स्पर्धा ही देशातील संघटित प्रश्नस्पर्धांची सुरुवात मानली जाते. पुढे 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट'ने आकाशवाणीवरून घराघरांतील मुलांना गोडी लावली. आणि जैन पाठशाळेतील धार्मिक प्रश्नमंच तर प्रत्येक घराच्या ओळखीचा. वेगळे आहे ते एवढेच, की इंग्लिश पद्धतीत व्यासपीठावर निवडक स्पर्धक आणि समोर प्रेक्षक अशी विभागणी नसते. जो येतो, तो खेळतो.

स्पर्धा चालते कशी

रचना साधी असते. चार ते सहा जणांचा एक संघ एका टेबलाभोवती बसतो आणि स्वतःला एखादे गमतीदार नाव घेतो. दहा-दहा प्रश्नांच्या सहा फेऱ्या होतात. प्रश्नकर्ता प्रत्येक प्रश्न दोनदा वाचतो. संघ दबक्या आवाजात चर्चा करून उत्तर कागदावर लिहितो. फेरी संपली की शेजारच्या टेबलांशी कागदांची अदलाबदल करून तपासणी होते. एखादी फेरी छायाचित्रांची, एखादी गाण्यांची. 'जोकर' म्हणून एक पत्ता दिला जातो. आपल्या आवडीच्या फेरीपूर्वी तो ठेवल्यास त्या फेरीचे गुण दुप्पट होतात. बरोबरी झाल्यास निर्णायक प्रश्न अंकाचा असतो. उदाहरणार्थ, कळसूबाई शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची किती मीटर? १,६४६ या आकड्याच्या सर्वांत जवळ जाणारा संघ विजयी. अंदाजावर वाद घालता येत नाही, म्हणून हा उपाय उत्तम.

मोबाइल मात्र टेबलावर नको. प्रत्येक संघाने आपले फोन आरंभीच एका टोपलीत ठेवावेत, हा नियम कोणासही न वगळता पाळला गेला, तरच स्पर्धेस अर्थ राहतो.

पैसा येतो कोठून आणि जातो कोठे

आता मुख्य मुद्दा. इंग्लंडमध्ये माणशी काही पौंड प्रवेशमूल्य घेतले जाते आणि ते बहुधा संपूर्णपणे धर्मादाय संस्थेस जाते. हे शक्य कसे होते? कारण जागेचे भाडे कोणी मागत नाही. पबचा मालक जागा, दिवे आणि मनुष्यबळ विनामूल्य देतो, कारण त्याची वसुली पेय-पदार्थांच्या विक्रीतून होते. थोडक्यात, दानाची वही आणि खर्चाची वही पहिल्यापासून वेगळी असते. खर्चाची वही मालक सांभाळतो.

जैन समाजाने हा कार्यक्रम पबमधून काढून सभागृहात आणला, की ही दुसरी वही उघडी पडते. समजा, सहा जणांचे वीस संघ आले आणि माणशी २०० रुपये घेतले. जमा झाले २४,००० रुपये. सभागृहाचे भाडे ७,०००, अल्पोपाहार माणशी १०० प्रमाणे १२,०००, ध्वनिव्यवस्था २,०००, बक्षिसे व छपाई २,५००. एकूण खर्च २३,५००. शिल्लक केवळ ५०० रुपये! एकशे वीस माणसे दान केल्याच्या समाधानाने घरी गेली आणि पांजरपोळातील गुरांच्या वाट्यास चाऱ्याच्या काही पेंढ्याच आल्या. असा व्यवहार कोणताही व्यापारी आपल्या दुकानात करणार नाही. मग धर्मकार्यात तो का चालावा?

यावरील तोडगा समाजाच्या स्वतःच्याच परंपरेत आहे. गौतमप्रसादी किंवा स्वामीवात्सल्य यांचा लाभ घेणारी कुटुंबे प्रत्येक गावी आहेत. त्या दिवसाच्या भोजनाचा लाभ एका कुटुंबाने घेतला, समाजाने आपले भवन दिले, आणि बक्षिसे सभासदांच्याच दुकानांतून आली, तर इंग्लिश पबमालकाची जागा साधर्मिक बंधू भरून काढतात. मग प्रवेशमूल्याचा प्रत्येक रुपया ठरलेल्या कार्यास जातो.

येथे चोख हिशेबाची व्यक्ती विचारील, की लाभार्थी कुटुंबाने तीच रक्कम थेट संस्थेस दिली असती तर? प्रश्न रास्त आहे. वात्सल्यभोजन जर केवळ या कार्यक्रमासाठी नव्याने उभे करावे लागत असेल, तर थेट धनादेश देणेच श्रेयस्कर. पण ते एरवीही होणारच असेल, तर त्यास प्रश्नमंचाची जोड देण्यास वेगळा खर्च जवळपास नाही. हा निकष आयोजनाच्या पहिल्याच बैठकीत लावावा. सभागृह ठरवून झाल्यावर नव्हे.

बोलीपलीकडचे दान

रकमेहून महत्त्वाची अशी एक बाब आहे. समाजातील दान बहुधा बोलीतून किंवा चढाव्यातून प्रकट होते. त्याने मंदिरे उभी राहिली, धर्मशाळा चालल्या, हे निर्विवाद. परंतु बोली ज्यांना परवडते, त्यांचाच आवाज सभागृहात घुमतो. लहान दुकानदार, दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिणारा नोकरदार, विधवा श्राविका, शिकणारा मुलगा यांची भावना तेवढीच उत्कट असूनही त्यांना श्रोत्याच्याच रांगेत बसावे लागते. प्रश्नमंचाच्या टेबलावर सर्वांचे मूल्य समान २०० रुपये, आणि त्यानंतर किंमत केवळ उत्तराची.

म्हणूनच प्रश्न असे असावेत, की प्रत्येक पिढीची गरज भासावी. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी एका रुपयात किती पैसे असत? चौसष्ट, हे आजोबा सांगतील. एका मणात शेर किती? चाळीस, हे आजीस ठाऊक असेल. नवा चित्रपट वा क्रिकेटचा विक्रम नातवंडे सांगतील. शंख हे कोणत्या तीर्थंकरांचे लांछन, याचे उत्तर, भगवान नेमिनाथ, पाठशाळेत जाणारी मुलगी देईल. संघ घरागणिक न करता चिठ्ठ्या टाकून केले, तर एरवी केवळ जय जिनेंद्रापुरती ओळख असलेली माणसे दोन तास एकमेकांच्या बुद्धीचा आधार घेतील.

धार्मिक प्रश्न काढताना विशेष जपावे. भगवान मल्लिनाथांविषयी किंवा भगवान महावीरांच्या विवाहाविषयी दिगंबर व श्वेतांबर परंपरा भिन्न आहेत. असा प्रश्न परंपरेचा उल्लेख न करता विचारल्यास एका गुणासाठी सभागृह दुभंगेल. इंग्लंडमधील लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुन्या चर्चच्या इमारतीत जे जैन केंद्र आहे, आणि जेथे १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली, तेथे एकाच छपराखाली श्वेतांबर व दिगंबर मंदिरे आणि स्थानकवासी उपाश्रय नांदतात. हे सामंजस्य प्रश्नपत्रिकेतही दिसावे. प्रत्येक उत्तर दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळलेले असावे, आणि प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम, हे आरंभीच जाहीर करावे.

सोडत नको, वेळ सांभाळा

इंग्लंडमध्ये मध्यंतरात 'रॅफल', म्हणजे तिकिटे विकून सोडत, काढण्याची रीत आहे. निधी त्यातून वाढतो, हे खरे. पण तेथील २००५ चा जुगारविषयक कायदा ज्ञानाची स्पर्धा आणि नशिबाची सोडत यांत स्पष्ट भेद करतो. कार्यक्रमातील अशा सोडतीच्या उत्पन्नातून खर्चापोटी १०० पौंड आणि बक्षिसांपोटी ५०० पौंड यांहून अधिक रक्कम वजा करता येत नाही. भारतात तर शासनाच्या परवानगीविना सोडत काढणे गुन्हा ठरू शकतो. श्रावकाच्या दृष्टीने प्रश्न त्याही आधी सुटतो, कारण सप्तव्यसनांत जुगाराचे नाव मद्याआधी येते. मद्य दाराबाहेर ठेवून द्यूत आत घेण्यात शहाणपण नाही.

वेळेचाही विचार हवा. इंग्लंडमध्ये ही स्पर्धा रात्री रंगते. चौविहार पाळणाऱ्यांसाठी रविवारी दुपारी अडीचला आरंभ करून साडेचारला निकाल लावावा, म्हणजे सूर्यास्तापूर्वी भोजन निवांत होते. साठ प्रश्नांस आणि तपासणीस दोन तास पुरतात. भोजनात कंदमुळे नसावीत, हे सांगणे नकोच.

करविषयक एक बारकावाही लक्षात असावा. ब्रिटनमधील 'गिफ्ट एड' योजनेत करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडावर संस्थेस २५ पेन्स अधिक मिळतात. परंतु कार्यक्रमाचे तिकीट ही देणगी मानली जात नाही, कारण त्याच्या बदल्यात काही मिळालेले असते. आपल्याकडेही प्रवेशमूल्य आणि देणगी यांची सरमिसळ करू नये. ज्यांना अधिक द्यावयाचे असेल, त्यांची पावती नोंदणीकृत संस्थेने स्वतंत्र द्यावी. करसवलत हवी असल्यास २,००० रुपयांवरील रक्कम रोखीने देऊ नये.

हिशेब सर्वांसमोर

उद्दिष्ट मोघम नसावे. 'जीवदयेसाठी' असे म्हणण्यापेक्षा अमुक पांजरपोळातील पंधरा दिवसांचा चारा, किंवा अमुक इतक्या मुलांची वह्या-पुस्तके, असे सांगितल्यास प्रत्येक टेबलावरील माणसास आपला वाटा कळतो. बक्षिसे लहानच असावीत. इंग्लंडमध्ये जिंकलेली रोख रक्कम विजेते अनेकदा तेथल्या तेथे संस्थेस परत देतात.

निकालाआधी एकूण जमा रक्कम जाहीर करावी, आठवड्याच्या आत ती संस्थेकडे पोहोचवावी आणि जमाखर्च भवनाच्या फलकावर लावावा. त्यात खर्चाचा लाभ घेणाऱ्या कुटुंबाचे नाव एका ओळीत यावे, आणि खाली सहभागी झालेल्या एकशे वीस जणांची नावे, रकमेशिवाय, वर्णानुक्रमे. पुढील वर्षी कोणाच्या घरी बोलावणे धाडायचे, हे तो कागदच सांगेल.