सुट्टीत मुलांना घरंही दाखवा

कोकणात गेलात की समुद्राआधी मुलांना एखादं जुनं कौलारू घर दाखवा. जांभ्याच्या भिंतीवर हात फिरवू द्या. हा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, उन्हा-वाऱ्यात कडक होतो. छपराला एवढा उतार का, हे त्यांनाच विचारा; पावसाचं उत्तर ती बरोबर शोधतात! छपरावरच्या कौलांची गोष्टही सांगा: मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, म्हणून ही ‘मंगळुरी’ कौलं. मग पडवी, ओटी, माजघर असं अनवाणी फिरू द्या. सारवलेल्या जमिनीचा गारवा तळपायांनाच कळतो, फोटोत येत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या दिसतील, त्यांतून येणारा दुधाळ उजेड तर दाखवाच. घरमालकांना आधी विचारा आणि चित्रवही सोबत न्या.