मेलनव्हिलचे नोकरदार

'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा अमेरिकेतला विनोदी कार्यक्रम सगळ्यांना ठाऊक आहे. माझा जीव मात्र गेली कित्येक वर्षं त्याच्या कॅनडातल्या गरीब भावंडात अडकला आहे. त्याचं नाव 'एससीटीव्ही', म्हणजे 'सेकंड सिटी टेलिव्हिजन'.

'सेकंड सिटी' ही मूळची शिकागोची विनोदी नाटकमंडळी. तिची टोरोंटोची शाखा डबघाईला आली तेव्हा अँड्र्यू अलेक्झांडर यांनी १९७४ मध्ये एका डॉलरला तिचे हक्क घेतले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' सुरू झालं आणि टोरोंटोच्या रंगमंचावर नाव झालेले डॅन अॅक्रॉइड, गिल्डा रॅडनर तिकडे गेले. मागे राहिलेल्यांनी सप्टेंबर १९७६ मध्ये 'ग्लोबल' वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम काढला. पैसा बेताचा, स्टुडिओत प्रेक्षक नाहीत. मग त्यांनी त्या तंगीचाच विषय केला. मेलनव्हिल नावाच्या गावात एक फुटकळ टीव्ही केंद्र आहे आणि आपल्याला दिसतो तो त्याच केंद्राचा दिवस: बातम्या, जाहिराती, मालिका, रात्रीचा सिनेमा. त्यात कॅमेऱ्यामागची ऑफिसातली भांडणंही आली. टीव्हीवरच्या विनोदात याहून सुपीक कल्पना मला माहीत नाही.

केंद्राचा मालक गाय कबालेरो धडधाकट असून चाकांच्या खुर्चीत बसतो, लोकांनी मान द्यावा म्हणून. तो नवा पैसा सोडत नाही. त्यामुळे एका माणसाला दोन-दोन कामं करावी लागतात. फ्लॉइड रॉबर्टसन हा बातम्या देणारा गंभीर गृहस्थ. तोच काळा अंगरखा चढवून 'काउंट फ्लॉइड' होतो आणि मुलांसाठी भीतीचे सिनेमे दाखवतो. वेष ड्रॅक्युलाचा आणि तोंडाने लांडग्यासारखं ओरडणं. सिनेमे इतके रद्दी की भीती वाटायचा प्रश्नच येत नाही, पण सिनेमा भयंकर आहे हे मुलांना पटवून देणं हे त्याचं काम. ही भूमिका करणाऱ्या जो फ्लाहर्टीच्या चेहऱ्याकडे नीट बघा. पगारासाठी खोटं बोलावं लागणाऱ्या माणसाची लाज त्यावर स्वच्छ दिसते. हसू तिथूनच येतं.

फ्लाहर्टी पिट्सबर्गचा. तिथल्या चॅनल ११ वर बिल कार्डिल नावाचे गृहस्थ होते. १९६३ पासून वीस वर्षं त्यांनी शनिवारी रात्री भयपट दाखवले. हवामान सांगणं, कुस्त्यांचं निवेदन करणं हेही तेच करत. गावोगावच्या टीव्ही केंद्रांचा गाडा अशा माणसांवर चाले. काउंट फ्लॉइडचं मूळ कार्डिलमध्ये आहे. कार्यक्रमातले युजीन लेवी, डेव्ह थॉमस आणि पुढे आलेला मार्टिन शॉर्ट हे तिघे हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात शिकलेले. हॅमिल्टन म्हणजे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. शिफ्ट, साहेब, ओव्हरटाइम या गोष्टी या मंडळींना पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

'ग्लोबल'चा आधार सुटल्यावर १९८० मध्ये बिऱ्हाड एडमंटनला गेलं. तिथल्या केंद्राचे मालक चार्ल्स अॅलार्ड हे एके काळचे सर्जन. कॅनडात आता हा कार्यक्रम सीबीसी या सार्वजनिक वाहिनीवर दिसू लागला आणि तिथेच एक वाद उभा राहिला. सीबीसीवर जाहिराती कमी, म्हणून कॅनडातला एपिसोड अमेरिकेतल्यापेक्षा दोन मिनिटांनी लांब. त्या दोन मिनिटांत काहीतरी 'कॅनेडियन' असावं अशी वाहिनीची मागणी आली. लेखक चिडले. लिहिणारे, करणारे बहुतेक कॅनेडियन, चित्रीकरण कॅनडात, मग आणखी काय हवं? त्यांच्यातल्या रिक मोरॅनिस आणि डेव्ह थॉमस यांनी त्या रागातच मागे देशाचा नकाशा टांगला, लोकरीच्या टोप्या घातल्या, बिअरच्या बाटल्या मांडल्या आणि दिवसाचं काम संपल्यावर मोजक्या तंत्रज्ञांसमोर मनाला येईल ते बडबडत बसले. बॉब आणि डग मॅकेन्झी हे दोन रिकामटेकडे भाऊ जन्मले ते असे. त्यांना देशाने डोक्यावर घेतलं. १९८१ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातलं, मोरॅनिसचा शाळासोबती, गायक गेडी ली याच्यासोबतचं गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सोळाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढे सिनेमा निघाला. २०२० मध्ये एडमंटनला त्यांचे ब्राँझचे पुतळेही बसले.

तरी माझं मत जॉनी लारूला. जॉन कँडीने केलेला हा केंद्रावरचा लठ्ठ, बढाईखोर, दारूबाज कलाकार. याने सिनेमा काढला आणि शेवटच्या दृश्यासाठी परवानगीवाचून क्रेन मागवली. खर्च बघून कबालेरोने त्याला खाली ढकललं आणि 'स्ट्रीट बीफ' नावाच्या कार्यक्रमावर बसवलं. रस्त्यात उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तक्रारी ऐकायच्या. डिसेंबर १९८१ च्या एपिसोडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री बाकीचे सगळे ऑफिसच्या पार्टीत आहेत आणि लारू बर्फात एकटा उभा आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो पितो, बरळतो, कोसळतो. शेवटी सांताक्लॉज येतो आणि त्याला एक क्रेन देतो. कॅमेरा वर-वर जातो, लारू लहान होत जातो. कँडीने यात विनोद आणि दुःख वेगळं काढता येऊ दिलेलं नाही. १९९४ मध्ये तो गेला तेव्हा जेमतेम ४३ वर्षांचा होता.

बाकीचं थोडक्यात सांगतो. १९८१ मध्ये अमेरिकेच्या एनबीसीने हा कार्यक्रम शुक्रवारी मध्यरात्रीनंतर दीड तास दाखवायला घेतला. १९८२ आणि १९८३ मध्ये लेखनाची एमी मिळाली, १९८४ मध्ये सगळं आटोपलं.

आपल्याकडे 'चला हवा येऊ द्या' आणि 'हास्यजत्रा'ने गुणी नट दिले, मालिकांची फिरकीही भरपूर घेतली. पण आपलं स्किट वाहिनीच्या हिशेबाच्या वहीला क्वचितच हात लावतं. सासू-सून दिसतात, पण त्या सासूला तासन्‌तास उभं ठेवणारं शूटिंग, थकलेला लाइटमन, पैसे अडवणारा निर्माता फारसे दिसत नाहीत. एससीटीव्हीने नेमकं तेच दाखवलं. आपल्या लेखकांनी हे एपिसोड मिळवून बघावेत. सुरुवात लारूपासून करावी, बॉब आणि डग नंतर.