विनोदाचा जीर्णोद्धार

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें दैत्यसूदन मंदिर आहे. म्हणून जीर्णोद्धार म्हटला कीं, नव्या लेपाखालीं मूळ शिल्प तर दडपणार नाहीं ना, ही धास्ती आम्हांस प्रथम वाटते. १९९० सालच्या ‘सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या संगणकावरील विनोदी साहसाच्या खेळाचा २००९ सालीं असाच जीर्णोद्धार झाला. त्यांतील होतकरू चांचा तलवारीचें द्वंद्व जिंकतो, तें टोमण्यास बिनतोड उत्तर देऊन! चित्रें नवीं रेखाटलीं, मुक्या पात्रांस वाणी लाभली. पण एक कळ दाबतांच जुनें चित्र जसेंच्या तसें प्रकट होतें. बाळपणीं तो खेळलेल्या रसिकांस हर्ष झाला, यांत नवल तें काय? आपलें बाळपण ते आतां मुलांसहि दाखवूं शकतात. जुन्यास न पुसतां नवें करणें, हाच खरा जीर्णोद्धार होय.