बिबवेवाडीच्या बाजूचं ‘गुप्त भुयार’ नेमकं कशाचं? पळून जायचं नव्हे, पाणी आणायचं!

बिबवेवाडी (पुणे) : सातारा रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे कात्रज, धनकवडी, पद्मावती, बिबवेवाडी या भागात जुन्या लोकांना विचारलं तर एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. जमिनीखाली दगडी भुयार आहे, पेशवे त्यातून घोड्यावर बसून निसटायचे. भुयार खरं आहे. घोड्याचं मात्र जमत नाही, कारण त्याची रुंदी जेमतेम अडीच फूट. उंची साधारण सहा फूट. माणूस उभ्यानं चालेल, घोडा वळणार कुठं?

हा आहे कात्रजचा नळ. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजच्या घाटाखाली आंबील ओढा अडवून तलाव बांधला आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं. अंतर आठ-नऊ किलोमीटर. ना मोटार, ना लाईट. कात्रज उंचावर, पेठा खाली. पाटकरी जसा चारीला उतार धरतो, तसा उतार धरून जमिनीखालून दगड-चुन्याचा पाट काढला, एवढंच. पण एवढं करायला डोकं लागतं. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खातं, कमी झाला तर गाळ बसून नळ तुंबतो.

त्यावर इलाज म्हणजे उच्छ्वास. नळावर ठरावीक अंतरानं विहिरीसारखे खड्डे बांधले, वरून झाकलेले. शेतात पाइपलाइन टाकली की आपण एअर व्हॉल्व्ह बसवतो, तसंच हे हवेचं तोंड. शिवाय त्यांचा तळ नळापेक्षा खोल ठेवलेला, म्हणजे गाळ तिथं खाली बसायचा आणि वरचं निवळ पाणी पुढं जायचं. साफसफाईला माणूस तिथूनच उतरायचा. झाकून आणल्यामुळं पाणी उन्हानं आटत नव्हतं, जनावरांनी घाण होत नव्हतं.

शहरात हे पाणी हौदांत पडायचं. काळा हौद, फडके हौद, तुळशीबागेतला हौद ही नावं पुण्यात अजून ऐकू येतात. म्हणजे वाड्यातल्या कारंज्यांबरोबर पेठांतल्या घागरीही भरत होत्या. पण कुणाच्या? हा प्रश्न राहतोच. सार्वजनिक पाणवठ्यावर सगळ्यांना हात लावू देत नसत. म्हणून 1868 साली महात्मा फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढं डॉ. विश्राम रामजी घोले यांनी वारलेल्या लेकीच्या आठवणीत बाहुलीचा हौद बांधला, तोही सर्व जातींना मोकळा. भुयार बांधणाऱ्यांचं कौतुक करताना हेही सांगायला पाहिजे.

1879 ला खडकवासल्याचं धरण झालं, नळाचं पाणी घरात येऊ लागलं आणि कात्रजच्या नळाची गरज हळूहळू संपली. त्याची आठवण आली ती 1961 मध्ये. 12 जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. पूर ओसरल्यावर शहराच्या तोट्या कोरड्या. तेव्हा पेठांतल्या लोकांनी पुन्हा जुन्या हौदांवर, विहिरींवर घागरी लावल्या. दोनशे वर्षांपूर्वीचं काम ऐन गरजेला उपयोगी पडलं.

पुढच्या काळात मात्र या नळाचे हाल झाले. सातारा रस्त्याच्या दोन्ही अंगाला सोसायट्या उभ्या राहिल्या. पायासाठी खोदताना नळ फुटला, कुठं त्यात सांडपाणी शिरलं, कित्येक उच्छ्वास बुजले. त्यामुळं आज त्यात पाणी दिसलं म्हणून ते प्यायचं नाही. मार्च 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात जमिनीखाली एक जुनं भुयार लागलं, तेव्हा बघायला ही गर्दी! ते कुणी, कधी बांधलं यावर लगेच वादही सुरू झाले.

असं भुयार आपल्या तालुक्यातही निघू शकतं. संभाजीनगरला मलिक अंबरची नहर आहे, अहिल्यानगरला जुने खापरी नळ आहेत. जेसीबीला एखादी दगडी कमान लागली तर काम थांबवा, फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा, म्हणजे खबर पुरातत्त्व विभागापर्यंत जाईल. धनाच्या नादानं आत उतरू नका. बंद भुयारात विषारी हवा साठलेली असते, जुन्या विहिरीत उतरून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.