विरघळणाऱ्या सूक्ष्मसुया : ‘लावणे’ आणि ‘टोचणे’ यांमधील सीमा

थेरगाव व चिंचवड यांच्यामधून पवना वाहते. तेथून जवळच, पिंपरी येथे, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्या काळचे पेनिसिलिन जठरातील आम्लात फारसे टिकत नसे; म्हणून ते बहुधा टोचूनच दिले जाई. मलम लावावयाचे आणि औषध टोचावयाचे, हा भेद व्यवहारात इतका स्पष्ट होता, की त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. त्वचा उजळावी व सुरकुत्या कमी व्हाव्यात म्हणून आज विकल्या जाणाऱ्या सूक्ष्मसुयांच्या पट्ट्यांनी मात्र तो अस्पष्ट केला आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा शृंगस्तर अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. परंतु बाहेरील पदार्थांस मुख्यतः तोच अडवितो. ५०० डाल्टनहून अधिक रेणुभाराचे पदार्थ त्यातून सहसा पार होत नाहीत, असा नियम बॉस व माइनार्डी यांनी २००० साली मांडला. हायालुरॉनिक आम्लाचा रेणुभार सामान्यतः याच्या कितीतरी पट असल्याने लेपातील ते आम्ल बव्हंशी पृष्ठभागीच राहते. क जीवनसत्त्वाचा रेणू १७६ डाल्टनचा, म्हणजे लहान खरा. पण तो जलप्रिय असल्याने स्निग्ध शृंगस्तर त्यास दाद देत नाही. शिवाय पाण्यातील द्रावणात हवेच्या संपर्काने तो लवकर निकामी होतो.

या अडचणीवरील उपाय म्हणजे विरघळणारी सुई होय. हिच्यात धातू नसतो; हायालुरॉनिक आम्लासारख्या पदार्थाचीच सुई घडविलेली असते व इष्ट घटक तिच्यातच मिसळलेला असतो. पिंपरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांस परिचित असलेली साच्याची रीतच येथे सूक्ष्म प्रमाणावर योजिली जाते. सिलिकोन रबराच्या साच्यात द्रावण ओतून ते निर्वाताच्या साहाय्याने टोकापर्यंत पोचवितात, वाळवितात आणि पट्टी सोलून काढतात. प्रसाधनांतील सुयांची उंची बहुधा एक मिलिमीटरहून कमी असते. दाबताच त्या शृंगस्तर भेदतात व आतील ओलाव्याने विरघळतात. हाच गुण पावसाळ्यात दोष ठरतो : पाकीट नीट बंद नसेल, तर दमट हवेत सुया नरम पडून त्वचेत शिरतच नाहीत.

ही रीत केवळ प्रसाधनापुरती नाही. गोवर व रुबेला यांची लस अशा पट्टीतून देण्याची चाचणी गांबियात झाली व तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची टोचावयाची लस घेतली होती. बालकांतील प्रतिसाद दोहोंत जवळपास सारखा आढळला. मात्र लसीस अत्यल्प मात्रा पुरते. पट्टीत मुळातच थोडा पदार्थ मावत असल्याने एका घटकाच्या यशावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘पट्टी लावणे’ हा प्रयोग मनात लेपाचीच कल्पना उभी करतो. प्रत्यक्षात क्रिया टोचण्याची असते. लेपात निरुपद्रवी ठरणारे सुगंधी वा परिरक्षक द्रव्य शृंगस्तराखाली गेल्यास अपाय करू शकते. केवळ वरून लावण्यासाठी असलेली द्रव्ये सुयांनी छिद्रे पाडलेल्या त्वचेवर वापरल्याने तीन स्त्रियांच्या चेहऱ्यावर दाहजन्य गाठी उद्भवल्याचे अमेरिकेत २०१४ मध्ये नोंदविले गेले. त्या सुया विरघळणाऱ्या नव्हत्या. परंतु ओलांडलेली सीमा तीच होती.

भारतातील १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येत चोळणे, शिंपडणे, फवारणे यांबरोबर ‘आत घालणे’ हीही क्रिया येते. त्यामुळे केवळ क्रियापदावरून प्रसाधन व औषध वेगळे होत नाहीत. हेतूही पाहावा लागतो. शरीराची रचना वा कार्य बदलण्यासाठी योजिलेला पदार्थ औषधाच्या व्याख्येत येऊ शकतो. म्हणून ‘त्वचा उजळ दिसते’ आणि ‘रंगद्रव्याची निर्मिती थांबते’ ही वेष्टनावरील दोन वाक्ये समानार्थी नव्हेत. पहिले रूपाविषयी बोलते, दुसरे शरीरकार्याविषयी. आणि दुसऱ्यास पुराव्याची व निर्जंतुकतेची कसोटी टोचावयाच्या औषधाचीच लावली पाहिजे.